एका आडनावाचे वारस



स्मृतिव्याख्यानासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र निवडावे अशी आपल्याकडील रूढी आहे. मी मात्र आज पुरुषाऐवजी एक आडनाव निवडले आहे, आणि तेही परमुलखातले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००० साली जी खानेसुमारी झाली, तीत ‘वॉशिंग्टन’ हे आडनाव लावणारी १,६३,०३६ माणसे निघाली, आणि त्यांपैकी शंभरांत नव्वद कृष्णवर्णीय होती. तेथील सामान्य आडनावांत कृष्णवर्णीयांचे इतके मोठे प्रमाण असलेले आडनाव दुसरे नव्हते. त्याखालोखाल जेफरसनचा क्रमांक लागला, पण त्याचे प्रमाण पंच्याहत्तरांवर थांबले. ज्याच्या नावाने त्या राष्ट्राची राजधानी ओळखली जाते आणि ज्याची मुद्रा तेथल्या नाण्यावर व नोटेवर उमटलेली आहे, त्या गौरवर्णीय जमीनदाराचे आडनाव, त्याच्यासारख्या जमीनदारांनी ज्यांची खरेदी-विक्री केली त्यांच्याच वंशजांनी प्रामुख्याने चालवावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटते. ते त्यांच्याकडे कसे गेले, आणि गेल्यावर त्यांनी त्याचे काय केले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मूळ गाव इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅम परगण्यातले. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न नावाच्या एका सरदाराला तेथील जागीर मिळाली, आणि त्याने आपले पूर्वीचे गावनाव टाकून नव्या जागिरीचे नाव धारण केले. म्हणजे या घराण्याच्या मूळ पुरुषानेच आपले आडनाव बदललेले होते, ही गोष्ट पुढच्या कथेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉन वॉशिंग्टन नावाचा त्याच्या कुळातला एक तरुण व्हर्जिनियात उतरला व तंबाखूच्या शेतीवर गबर झाला. त्याचा पणतू जॉर्ज १७३२ साली जन्मला. तो अकरा वर्षांचा असताना वडील वारले, आणि मिळालेल्या वारशात जमिनीबरोबर दहा गुलामही होते.

जॉर्जच्या सेनापतित्वाची आणि अध्यक्षपदाची कथा शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस ठाऊक आहे. मला त्याच्या दप्तरात डोकवावयाचे आहे. हा पुरुष मोठा हिशेबी होता. १७९९ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने आपल्या माउंट व्हर्नन या मिळकतीवरील गुलामांची जी यादी केली तीत ३१७ माणसे आहेत. त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीची, आणि दीडशेहून अधिक पत्नी मार्थाच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतून आलेली, म्हणजे कायद्याने त्याला न सोडता येण्याजोगी. आपल्या मालकीच्या माणसांना मार्थाच्या पश्चात मुक्त करावे असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. युद्धात सदैव त्याच्या घोड्यामागे असलेल्या विल्यम ली या सेवकास मात्र तत्काळ मुक्ती आणि वर्षाला तीस डॉलरांची नेमणूक दिली. मार्थाने इतरांना आपल्या हयातीतच, १ जानेवारी १८०१ रोजी, मोकळे केले. ज्यांची सुटका आपल्या मृत्यूवर टांगलेली आहे अशा शंभरावर माणसांच्या घोळक्यात राहणे त्या वृद्ध विधवेला किती निर्धास्त वाटत असेल, याची कल्पना केलेली बरी.

या गुलामांपैकी ज्यांची आडनावे आपल्यापर्यंत पोचली आहेत त्यांत ली आहे, जज आहे, वॉशिंग्टन क्वचितच. विल्यमने पूर्वीच्या मालकाचे आडनाव ठेवले; १७९६ साली फिलाडेल्फियातील अध्यक्षांच्या निवासातून पळून गेलेल्या ओना जजने आपल्या शिंपी बापाचे. तेव्हा माउंट व्हर्ननच्या वाड्यावरून हे आडनाव देशभर पसरले असे म्हणण्यास आधार नाही. जॉर्जला स्वतःचे अपत्यही नव्हते. हा वारसा रक्तानेही उतरला नाही आणि मालकीहक्कानेही नाही.

तथापि एक अपवाद आहे, आणि तो इतका विलक्षण आहे की त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. गॅम्बिया नदीच्या मुलखातून पकडून आणलेल्या हॅरी नावाच्या एका माणसास जॉर्ज वॉशिंग्टनने १७६३ साली विकत घेतले. १७७१ साली तो एकदा पळाला, आणि धरून आणला गेला. पुढे व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने, बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत दाखल होतील त्यांस मुक्ती मिळेल असा जाहीरनामा काढला, तेव्हा मालक स्वातंत्र्याच्या सैन्याचे आधिपत्य करीत असताना त्याचा मोतद्दार असलेला हा हॅरी शत्रूच्या छावणीत जाऊन आपले स्वातंत्र्य मिळविता झाला. युद्ध संपले, इंग्रज न्यूयॉर्कमधून आवराआवर करू लागले, आणि विजयी जनरलने इंग्रज सेनापती गाय कार्लटन याच्याकडे पळून गेलेले गुलाम परत करण्याची मागणी केली. कार्लटनने ती फेटाळली. ज्यांना राजाच्या नावाने वचन दिले त्यांना पुन्हा मालकाच्या स्वाधीन करणे इंग्रजांच्या अब्रूला साजणार नाही, असा त्याचा जबाब होता. मात्र पुढेमागे भरपाईचा प्रश्न निघाल्यास कागद असावा म्हणून त्याने जहाजावर चढणाऱ्या सुमारे तीन हजार कृष्णवर्णीयांची एक नोंदवही करविली. तीत हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता, अशी नोंद आहे. साम्राज्यांची दप्तरे बहुधा माणसाला वस्तू ठरविण्यासाठी लिहिली जातात. ही वही त्याच हेतूने लिहिली गेली आणि तिने उलट काम केले.

हॅरी नोव्हा स्कोशियाच्या थंडीत काही वर्षे काढून १७९२ साली सुमारे बाराशे सोबत्यांच्या काफिल्यातून आफ्रिकेस, सिएरा लिओनच्या वसाहतीत परतला. तेथे वसाहत चालविणाऱ्या कंपनीने वसाहतवाल्यांच्या जमिनींवर शेतसारा बसविला. ज्यांनी स्वतंत्र जमिनीच्या आशेने दोन वेळा समुद्र ओलांडला होता त्यांना तो सारा म्हणजे पुन्हा कुळ होणे वाटले, आणि १८०० साली त्यांनी उठाव केला. उठाव मोडला, हॅरीला नदीपलीकडे बुलम किनाऱ्यावर हद्दपार केले गेले. जुना मालक त्याआधी काही महिनेच निवर्तला होता. आपल्या संमतीवाचून लादलेल्या कराविरुद्ध बंड करून एका वॉशिंग्टनला राष्ट्रपित्याचे पद मिळाले आणि दुसऱ्याला हद्दपारी. पण त्या दोघांत आडनावाची अधिक लाज कोणी राखली असा प्रश्न कोणी विचारला तर मी हॅरीकडे बोट दाखवीन.

या मताला पुष्टी मिळावी म्हणून जनरलच्या खऱ्या, रक्ताच्या वारसाकडे क्षणभर पाहू. त्याचा पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन १७९८ पासून सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता, माउंट व्हर्ननची मिळकत त्याच्याकडे आली, आणि मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसविण्यासाठी निघालेल्या अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटीचा तो पहिला अध्यक्ष झाला. या सद्गृहस्थाने १८२१ साली आपले ५४ गुलाम लुइझियानाच्या बाजूस विकले. वृत्तपत्रांत ओरड झाली, तेव्हा आपल्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा आपणास हक्क आहे, असा त्याने खुलासा केला. न्यायमूर्तींचा कायदा बरोबर होता.

त्यानंतर वीस वर्षांनी, नोव्हेंबर १८४१ मध्ये, ‘क्रिओल’ नावाचे जहाज व्हर्जिनियातून न्यू ऑर्लीन्सच्या बाजारासाठी १३५ गुलाम घेऊन निघाले असता त्यांतील एकोणीस जणांनी बंड केले, जहाज ताब्यात घेतले आणि ते बहामा बेटांतील नासाऊ बंदराकडे वळविण्यास खलाशांना भाग पाडले. कारण त्या इंग्रजी मुलखात गुलामगिरी रद्द झालेली होती. या बंडाचा पुढारी मॅडिसन वॉशिंग्टन. दोन अध्यक्षांची नावे एकाच गुलामाच्या अंगावर! फ्रेडरिक डग्लस या स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या वक्त्याला या नावातील व्यंग इतके भावले की त्याने मॅडिसनवर एक लघुकादंबरीच लिहिली, आणि व्हर्जिनियाने आपल्या ज्या पुत्रांचा गौरव करावयाचा त्यांत हा का नाही, असा तिचा रोख होता.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांसाठी निराळे तक्ते असत. त्यांत मालकाचे नाव ठळक, आणि खाली वय, लिंग, वर्ण असे रकाने; माणसाच्या नावाला रकाना नाही. याचा अर्थ गुलामांना आडनावे नव्हती असा मात्र नव्हे. आपसांत ती असत, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जात, पुष्कळदा सध्याच्या मालकाहून वेगळी, एखाद्या जुन्या मालकाची किंवा आजोबांनी धरलेली. फक्त मालकापुढे त्यांचा उच्चार करावयाचा नाही. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने १९७६ च्या आपल्या ग्रंथात हे मोठ्या परिश्रमाने दाखवून दिले आहे. १८६५ साली गुलामगिरी संपली आणि ही आडनावे मोठ्याने सांगण्याची वेळ आली. फौजेच्या हजेरीपटावर, मजुरीच्या कबुलायतीवर, विवाहाच्या नोंदीत, शाळेच्या पटावर, आणि शेवटी १८७० च्या खानेसुमारीत, जीत प्रथमच सर्व कृष्णवर्णीय नावानिशी आले, अधिकारी लेखणी उचलून विचारीत असे: पुढे काय लिहू? आपल्याकडे देशपांडे किंवा कुलकर्णी हे आडनाव वतनाबरोबर आले, ते लावणाऱ्याने निवडले नाही; येथे हजारो माणसे एकाच पिढीत, एकाच प्रश्नासमोर, आपले आडनाव आपण सांगत होती. कोणी जुन्याच मालकाचे सांगितले, कोणी धंद्याचे, कोणी बापाचे पहिले नाव. आणि पुष्कळांनी वॉशिंग्टन सांगितले.

या निवडीला भाबडेपणा म्हणणारे टीकाकार आहेत. गुलाम पाळणाऱ्याचेच नाव का घ्यावे? मला वाटते, त्या काळच्या खेड्यातील अशिक्षित मुक्त माणसाला जॉर्ज वॉशिंग्टन हा जमीनदार म्हणून ठाऊक नव्हता. राजाची सत्ता झुगारणारा आणि अखेर आपल्या गुलामांना सोडणारा पुरुष एवढीच त्याची ख्याती झोपडीपर्यंत पोचली होती. प्रजासत्ताक जर आपलेही असेल तर त्याच्या संस्थापकाचे नाव वापरण्यास कोणाची परवानगी काढावी लागत नाही, हा त्यामागचा विचार भाबडा नसून, माझ्या मते, पक्का राजकीय आहे.

या निवडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बुकर वॉशिंग्टन. १८५६ च्या सुमारास व्हर्जिनियातील एका लहान शेतावर, स्वयंपाकीण असलेल्या गुलाम आईच्या पोटी, मातीच्या भुईच्या झोपडीत हा जन्मला. मुक्तीनंतर कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन गावी गेले. तेथे सावत्र बाप मिठाच्या भट्टीवर काम करी. प्रत्येक मजुराच्या पिंपावर ओळखीचा आकडा घालीत, आणि बापाचा आकडा १८ होता. या मुलाने आयुष्यात पहिले जे अक्षर ओळखले ते हे १८. पुढे शाळेत गेला तर गुरुजी हजेरी घेत होते आणि प्रत्येक मुलाला निदान दोन नावे होती. याला नुसते बुकर. आपली पाळी येईपर्यंत त्याने तोड काढली, आणि जणू जन्मापासून तेच असावे अशा शांतपणे बुकर वॉशिंग्टन असे सांगितले. सावत्र बापाचे पहिले नाव वॉशिंग्टन होते हे ध्यानात घेतले म्हणजे पोराच्या ओठी तेच का आले याचा उलगडा होतो. आईने आपले नाव टॅलियाफेरो असेही ठेवले होते हे त्याला मागाहून कळले, आणि तेही त्याने मध्ये बसविले. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तो ही हकीगत किंचित खट्याळ अभिमानाने सांगतो.

१८७२ साली तो जवळपास पाचशे मैलांची वाट, बरीचशी पायी, तुडवून हॅम्प्टनच्या शाळेत पोचला. प्रवेशपरीक्षा म्हणून त्याला एक खोली झाडावयास सांगितली, आणि त्याने ती तीन वेळा झाडून चार वेळा पुसली. येथे आपल्या भूमीशी जुळणारा एक दुवा सांगावासा वाटतो. १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते, गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेत ज्यांच्या सुटकेचा गौरव होता, त्यांच्यापैकी एक पोरगा नेमक्या त्याच वर्षी हॅम्प्टनमध्ये झाडलोट करून आपली फी फेडीत होता. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते. पण शिक्षणावाचून मुक्ती कागदावरच राहते, हे दोघांच्याही कार्याचे सूत्र होते.

१८८१ च्या ४ जुलैस बुकरने अलाबामातील टस्कीगी येथे शाळा उघडली. सरकारने वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले होते ते शिक्षकांच्या पगारापुरते. जागा नाही, इमारत नाही. विटा विद्यार्थ्यांनीच पाडावयाच्या असे ठरले. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या, आणि चौथ्या भट्टीसाठी त्याने आपले घड्याळ गहाण टाकले. ते काही त्याला पुन्हा सोडविता आले नाही, पण भट्टी साधली. १९१५ साली तो वारला तेव्हा तेथे शंभराहून अधिक इमारती आणि सुमारे दीड हजार विद्यार्थी होते. आपल्या वाचकांना याच संस्थेतील दुसरा एक पुरुष अधिक परिचित आहे: वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने घरोघर पोचविलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. त्याच्याही नावातला ‘वॉशिंग्टन’ जन्माचा नव्हे, मागाहून घेतलेला. त्याला १८९६ साली टस्कीगीस बोलावून आणले ते बुकरनेच.

बुकरविषयी एकच बाजू सांगणे न्यायाचे होणार नाही. १८९५ च्या अटलांटा येथील प्रदर्शनात त्याने गोऱ्या श्रोत्यांना असे आश्वासन दिले की सामाजिक व्यवहारात दोन्ही वंश बोटांसारखे वेगळे राहू शकतील आणि समान प्रगतीच्या कामी हातासारखे एक होतील. दक्षिणेतील गोऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि त्या टाळ्यांतच टीकेचे बीज होते. कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात त्याच्यावर कठोर प्रहार केला: मताधिकार आणि उच्च शिक्षण यांवर पाणी सोडून मिळविलेली सुतारकी-लोहारकी ही प्रगती नव्हे. ड्यू बॉइस यांचा मुद्दा मला पटतो. परंतु हाच बुकर त्या सुमारास, मताधिकार काढून घेणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या दाव्यांना गुप्तपणे पैसा पुरवीत होता, हे पुढे त्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. आणि १९०१ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पंक्तीस तो जेवला एवढ्यावरून दक्षिणेतील वृत्तपत्रांनी जो गहजब केला, तो पाहता उघड्यावर बोलणे त्याला किती महागात पडले असते याचाही अंदाज येतो.

विसाव्या शतकातील इतर वॉशिंग्टनांची नुसती नावे घ्यावयाची तरी वेळ पुरणार नाही. केनी वॉशिंग्टन १९४६ साली लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक फुटबॉल संघात आला आणि त्या खेळातील वर्णबंदी मोडली. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सनने जे पुढच्या वर्षी केले ते याने आधी केले, आणि कीर्ती रॉबिन्सनची झाली. ग्रोव्हर वॉशिंग्टन सॅक्सोफोन वाजवीत असे. डायना वॉशिंग्टन ही गायिका अलाबामात १९२४ साली जन्मली तेव्हा रूथ ली जोन्स होती. रंगमंचावर उभे राहताना तिने जे नाव धारण केले त्यात पुन्हा हेच आडनाव आले. जॅझ, ब्लूज आणि चर्चमधील भजन या तिन्ही दरबारांत तिची वहिवाट होती, आणि १९६३ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली.

नट डेन्झल वॉशिंग्टन याचे उदाहरण निराळ्या कारणासाठी घेतो. १९५४ साली तो न्यूयॉर्क राज्यात जन्मला, त्या गावाचे नाव माउंट व्हर्नन. जनरलच्या मिळकतीचेच नाव. १९८९ च्या ‘ग्लोरी’ या चित्रपटात यादवी युद्धात लढणाऱ्या पळपुट्या गुलामाची भूमिका करून त्याने ऑस्कर मिळविले, आणि १९९२ साली तो पडद्यावर कृष्णवर्णीयांचा जहाल पुढारी माल्कम एक्स झाला. माल्कमचे आडनाव लिट्ल. हे आमच्या पूर्वजांच्या मालकाने चिकटविलेले नाव आहे, आमचे खरे आफ्रिकी नाव हरवले आहे, म्हणून त्या अज्ञाताच्या जागी एक्स, असा त्याचा पक्ष होता. हा आक्षेप पोकळ नाही, आणि त्याच्यामागचे दुःख तर मुळीच नाही. पण चिकटविलेल्या नावाला तो जसा लागू पडतो तसा, बुकरसारख्याने वर्गात उभे राहून स्वतः उच्चारलेल्या नावाला लागू पडत नाही. आणि ती भूमिका पडद्यावर करणाऱ्याने आपले आडनाव बदलले नाही.

शेवटी दोन महापौर. हॅरल्ड वॉशिंग्टन १९८३ साली शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला, तेव्हा नगरसभेतील पन्नासांपैकी एकोणतीस सभासद त्याच्या विरोधात गट बांधून बसले. त्याच्या नेमणुका अडल्या, ठराव पडले. न्यायालयाच्या हुकमाने १९८६ साली काही प्रभागांत फेरनिवडणुका झाल्या, बलाबल पंचवीस-पंचवीस झाले, आणि निर्णायक मत त्याच्या हाती आले. पुढच्या वर्षी तो पुन्हा निवडून आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कचेरीत मेजापाशी काम करीत असतानाच हृदयविकाराने गेला.

दुसरा वॉल्टर वॉशिंग्टन. राजधानीच्या शहरात शंभर वर्षे लोकनियुक्त महापौर नव्हता. कारभारावर तेथील संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, समित्यांचा ताबा असे. १९६७ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी वॉल्टरला तेथे नेमले. तो एका गुलामाचा पणतू. त्याने आपले पहिले अंदाजपत्रक काँग्रेसकडे पाठविले, तेव्हा संबंधित समितीचे अध्यक्ष, साउथ कॅरोलिनाचे जॉन मॅकमिलन, यांनी उत्तरादाखल त्याच्या कचेरीवर कलिंगडांचा एक ट्रक पाठविला. कृष्णवर्णीयांची कलिंगडावरून हेटाळणी करण्याची त्या देशात जुनी चाल आहे. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहर पेटले, आणि एफबीआय या केंद्रीय तपासखात्याचे प्रमुख एडगर हूव्हर यांनी लुटारूंवर गोळी चालविण्याचा आग्रह धरला. वॉल्टरने नकार दिला. जळालेले दुकान पुन्हा उभारता येते, मेलेले माणूस नाही, अशी त्याची साधी भूमिका होती, आणि नेमलेल्या, म्हणजे क्षणात काढता येण्याजोग्या, अधिकाऱ्याने ती घेतली होती.

१९७३ च्या कायद्याने शहराला मर्यादित स्वराज्य मिळाले. १९७४ च्या निवडणुकीत वॉल्टर विजयी झाला आणि जानेवारी १९७५ मध्ये वॉशिंग्टन शहराचा शंभर वर्षांनंतरचा पहिला लोकनियुक्त महापौर म्हणून त्याने शपथ घेतली. शपथ देणारे होते थर्गुड मार्शल, सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. ज्या न्यायपीठावर एके काळी बुशरॉड वॉशिंग्टन बसत असे, त्याच न्यायपीठावरचे. १९७८ साली पक्षांतर्गत निवडणुकीत मॅरियन बॅरी यांनी वॉल्टरला हरविले, आणि तो वकिली करू लागला.